काजव्यांचा पत्ता कुणाला सांगावा?



मे महिना संपत आला की आपल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक प्रश्न हमखास येतो. "भंडारदऱ्याला काजवे सुरू झाले का? नेमके कुठे दिसतात? लोकेशन टाका ना!" मी अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे मला हा प्रश्न वेगळा मेसेज करूनही विचारला जातो. मी गावाचं नाव सांगते, कुणाला फोन करायचा ते सांगते, पण झाडाचं लोकेशन टाकत नाही. यावर काही जण नाराज होतात. "एवढं काय लपवायचं त्यात?" असं म्हणतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आडवळणाच्या ठिकाणांची माहिती इंटरनेटवर टाकल्याने त्या ठिकाणांचं भलं होतं की वाटोळं होतं, यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक गट म्हणतो, टाकाच, गावाला रोजगार मिळतो. दुसरा म्हणतो, काही टाकू नका, लोक येतात आणि घाण करून जातात. दोन्ही गटांतले बहुतेक लोक शहरात राहतात, हे मात्र मला दरवेळी जाणवतं.

ज्यांनी काजवे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. १९८६ साली ते जाहीर झालं. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, तेही इथलंच. भंडारदरा धरणाच्या भोवतीची घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल, उडदावणे ही गावं याच पट्ट्यात येतात. मे अखेरीस वळवाच्या सरी पडल्या, हवेत दमटपणा आला की काजवे दिसू लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर त्यांची गर्दी होते. जूनमध्ये पावसाने जोर धरला की खेळ संपला. म्हणजे सगळा हंगाम जेमतेम तीन-चार आठवड्यांचा.

आपण परिसर अभ्यासात काजवा 'चमकणारा कीटक' म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. खरं तर शिकवण्यासारखं बरंच आहे. काजवा हा भुंग्यांच्या गणातला कीटक. त्याची अळी कित्येक महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात राहते आणि गोगलगायी, गांडुळं खाते. पंख फुटल्यावर त्याच्याकडे थोडेच आठवडे उरतात आणि त्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. नर उडत उडत लुकलुकतो, मादी बहुतेक वेळा खाली गवतात किंवा झुडपावर बसून उत्तर देते. आपण ज्याला रोषणाई म्हणतो ते त्यांचं बोलणं आहे. आता या बोलण्याच्या मधे गाडीचा हेडलाईट लावा. उत्तर दिसत नाही. जोडी जमत नाही. पुढच्या वर्षीची अंडी तेवढी कमी. आणि ज्या मातीत अळ्या असतात, ज्या गवतात माद्या असतात, तिथंच आपण 'जरा जवळून बघू' म्हणून चालत जातो.

गर्दीबद्दल बोलताना आपण वर्षभरात किती लोक आले ते मोजतो. माझ्या मते ते चुकीचं मोजमाप आहे. वर्षाचा आकडा कितीही असला तरी तो पांगलेला असेल तर डोंगर सोसतो. त्रास होतो तो एका शनिवारी रात्री. पूर्वीही माहिती दिली जात होतीच की. आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' घेऊन किती तरी जण सह्याद्री फिरले. पण पुस्तक विकत घ्यायचं, वाचायचं, एसटीची वेळ बघायची, पायथ्याच्या गावात उतरून वाट विचारायची, एवढं केल्यावर जो माणूस पोहोचायचा तो गावातून जायचा. कुणाच्या तरी ओसरीवर पाणी प्यायचा. आणि हे सगळे वाचक एकाच दिवशी निघायचे नाहीत.

रील तसं नाही. कुणाची तरी तीस सेकंदांची चित्रफीत बुधवारी हजारो फोनांवर दिसते आणि ते सगळे त्याच शनिवारी निघतात. नकाशातली खूण त्यांना गावात थांबू देत नाही, ती थेट झाडाखाली नेऊन सोडते. गाडी रस्ता सोडून भातखाचरात उतरते. जूनच्या सुरुवातीला इथं मृगाची वाट बघत राबात बी टाकायची तयारी असते. त्या जमिनीवर रात्रभर चारचाकी उभ्या राहिल्या की माती दाबली जाते, बांध फुटतो. पार्किंगचे पैसे शेतकऱ्याला मिळतात हे खरं. मिळतात म्हणून तो घेतो. पण पुढच्या आठवड्यात तो बांध घालायला त्याच्याबरोबर कुणी येत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. धरणाच्या कुशीतली गावं म्हटल्यावर पाहुण्यांना वाटतं इथं पाण्याला काय तोटा! धरण खाली आहे आणि वाड्या वर आहेत. मे अखेरीला विहिरी तळाला गेलेल्या असतात. माझ्या वर्गातल्या मुली सकाळी हंडे आणून मग शाळेत येतात. त्याच दिवसांत पाहुण्यांच्या अंघोळीला गरम पाण्याच्या बादल्या लागतात.

आणखी एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त खटकते, ती म्हणजे फोटो. इंटरनेटवर काजव्यांचे जे फोटो फिरतात, ज्यात अख्खं झाड सोन्याने मढवल्यासारखं दिसतं, ते साध्या डोळ्यांना तसं कधीच दिसत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवून, एकेका फोटोला बराच वेळ देऊन, मग असे कितीतरी फोटो एकावर एक बसवून ते चित्र तयार होतं. ती फोटोग्राफीची एक रीत आहे, त्यात वाईट काही नाही. पण खाली कुणी ते लिहीत नाही. मग पाच तास गाडी चालवून आलेल्या माणसाला समोर काळोख आणि त्यात लुकलुकणारे ठिपके दिसतात. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं शांत उभं राहावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं आपण चुकीच्या जागी आलो. तो मोबाईलचा टॉर्च लावतो. त्याचं बघून शेजारचा लावतो. वन विभाग हंगामात फ्लॅश नको, गाणी नकोत, गाडीचे दिवे बंद ठेवा, असं सांगत असतो, पण रीलमध्ये त्यातलं काही नसतं. म्हणजे बिघाड पत्ता सांगितल्यामुळे होतो त्यापेक्षा जास्त, अर्धवट सांगितल्यामुळे होतो.

मग काहीच सांगू नये का? तसं मला अजिबात वाटत नाही.

अमेरिकेत वायोमिंग राज्यात जॅक्सन होल नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या पर्यटन मंडळाने २०१८ मध्ये लोकांना आवाहन केलं की फोटो टाकताना नेमक्या तळ्याचं, नेमक्या जागेचं नाव टॅग करू नका, सगळ्या परिसराला मिळून एकच टॅग वापरा. कल्पना चांगली आहे. पण ती आपल्याकडे जशीच्या तशी उचलता येत नाही, कारण तिथली तळी निर्मनुष्य रानात आहेत आणि आपल्या डोंगरात माणसं राहतात. 'रिमोट', 'अनटच्ड', 'अनएक्स्प्लोअर्ड' हे शब्द मला ऐकायला फार विचित्र वाटतात. कुणापासून लांब? साम्रदच्या आजीसाठी मुंबई लांब आहे, सांदण दरी नाही. तिच्या घरामागचं झाड 'गुपित' ठेवायचं की नाही हे पुण्यात बसून कुणी ठरवायचं? दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी हौसेने ब्लॉगवर या वाटांची वर्णनं लिहिली, त्यातलेच काही आता 'पूर्वीसारखं राहिलं नाही हो' असं म्हणताना भेटतात. त्यांचं दुःख मला कळतं. पण आपण येऊन गेल्यावर दार लावून घ्यावं ही अपेक्षा काही बरोबर नाही.

गावाचा हिशेब वेगळा आहे. इथल्या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती जास्त. भात निघालं की हाताला काम नसतं. कितीतरी कुटुंबं नारायणगाव, जुन्नरकडे मजुरीला जातात. बरोबर मुलं जातात. आपल्यापैकी जे डोंगरी भागात शिकवतात त्यांना हजेरीपत्रकावर ते स्पष्ट दिसतं. काजव्यांच्या हंगामात तंबू लावून, नागलीच्या भाकरी, पिठलं, ठेच्याचं जेवण देऊन जे पैसे येतात त्यात मुलांच्या वह्या, रेनकोट आणि खताची पिशवी निघते. हे पैसे नकोत असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील तंबू लावतात. ते मागच्या हंगामाआधी शाळेत आले आणि सरळच म्हणाले, "मॅडम, तुमचा एवढा मोठा गट हाये. तुम्ही लोकेशन टाकत नाही, मग गिऱ्हाईक पलीकडच्या गावाला जातं. आमचं नुकसान व्हतं."

मुद्दा बिनतोड होता. मी त्यांना विचारलं, "दादा, झाडाचं लोकेशन टाकलं तर गाडी तुमच्या दारात थांबेल का?"

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नाही. मागल्या साली लोक थेट झाडाखाली गेले. डबा घरून आणलेला. आम्हाला फक्त बाटल्या मिळाल्या."

आम्ही दोघांनी बसून त्यांच्या घराचं लोकेशन तयार केलं. अंगणाचा फोटो टाकला, जेवणात काय मिळेल ते लिहिलं, गाडी कुठं लावायची ते लिहिलं. झाड कुठलं ते ते स्वतः दाखवतात, चालत नेऊन. एका झाडापाशी माणसं जास्त झाली की दुसरीकडे नेतात. कुठल्या झाडावर या वर्षी काजवे उतरलेत हे त्यांना रोज संध्याकाळी माहीत असतं, नकाशातल्या खुणेला ते कसं कळणार? खूण तर दोन वर्षांपूर्वीची असते. त्या झाडावर आता काही नसलं तरी लोक तिथंच जाऊन गवत तुडवतात.

म्हणून माझं मत असं झालं आहे की गाव सांगावं, झाड सांगू नये. गाव सांगितलं की मधे माणूस येतो. माणूस 'आज नको, पाऊस फार आहे' असं म्हणू शकतो, 'टॉर्च बंद करा' म्हणू शकतो, पैसेही त्याच्याकडे जातात. अर्थात मधला माणूस गावचाच हवा. शहरातून बस भरून आणणारे काही आयोजक गावाला जेवणाचे तेवढे पैसे देतात आणि बाकी सगळं स्वतःकडे ठेवतात. अशा पॅकेजची जाहिरात आपण गटावर पुढे ढकलतो तेव्हा निदान एक प्रश्न विचारावा: यातले गावात किती राहतात?

माहिती पसरल्याने भलं झाल्याचं उदाहरण हवं असेल तर कोकणात जा. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी चोरली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास गावाला बरोबर घेऊन घरट्यांचं संरक्षण सुरू केलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, लोकांना कळवलं गेलं, लोक आले. पण ते राहतात गावातल्या घरांत, जेवतात गावातल्या घरांत, आणि पिल्लं समुद्राकडे सोडली जातात तेव्हा दोरीच्या अलीकडे उभे राहतात. तिथंही फ्लॅश चालत नाही, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि वाट चुकू शकतात. ज्या अंड्यांना कालपर्यंत खाण्याची किंमत होती, त्यांना जिवंत ठेवण्याची किंमत आली. वेळासबद्दल कुणी इंटरनेटवर काहीच लिहिलं नसतं तर एवढ्या लांबच्या गावात इतकी माणसं कशाला पोहोचली असती?

साताऱ्याच्या कास पठारावरही हेच थोड्या वेगळ्या रीतीने झालं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून ते जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी उसळली. मातीचा थर अगदी पातळ, त्यात दवबिंदू, सीतेची आसवे यांसारखी बोटभर उंचीची रोपं, पायाखाली आली की संपलीच. मग दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आली, ऑनलाईन नोंदणी आली, आजूबाजूच्या गावांच्या समित्या काम बघू लागल्या. सुट्टीच्या दिवशी तिथं सगळं आलबेल असतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या इंटरनेटने गर्दी आणली त्याच इंटरनेटवर गर्दी मोजून आत सोडता येते, एवढं तरी कळलं.

धोक्याच्या जागांच्या बाबतीत तर अर्धवट माहिती जीवावर बेतते. १५ जून २०२५, रविवार. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला. चार जण गेले. पावसाळी ठिकाणाचा फोटो टाकताना 'इथं काय करू नये' ही ओळ टाकायला किती वेळ लागतो?

आता आपल्या शाळेकडे येते. जूनच्या मध्याला शाळा सुरू होते तेव्हा आमच्याकडे काजव्यांचा शेवटचा आठवडा चालू असतो. तंबूवर जागलेली मुलं वर्गात पेंगतात. अशा मुलांना 'माझी सहल' हा निबंध लिहायला सांगण्यात काय अर्थ आहे! ती कुठं गेलेलीच नसतात, त्यांच्याकडे लोक आलेले असतात. म्हणून चौथीच्या वर्गाला मी निबंधाऐवजी 'आमच्या गावाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी सूचना' लिहायला दिलं. सूचना म्हणजे आज्ञार्थी वाक्यं, भाषेचा पाठही होतो. आधी मुलांनी पुस्तकी वाक्यं लिहिली, 'कचरा करू नये', 'निसर्गाचे रक्षण करावे' वगैरे. मी ती सगळी खोडायला लावली आणि म्हटलं, जे तुमच्या घरी खरंच झालं तेच लिहा.

मग जे आलं ते वाचण्यासारखं होतं. एकाने लिहिलं, गाडी आमच्या राबावर लावू नका, त्यात बी टाकलंय. एकीने लिहिलं, एक बादलीत अंघोळ करा, माझी आई पाणी लांबून आणते. एकाने लिहिलं, शनिवारी येऊ नका, मंगळवारी या, तेव्हा बाबाला बोलायला वेळ असतो. आणि एका पठ्ठ्याने लिहिलं, आमच्या कुत्र्याला बिस्किटं देऊ नका, तो नंतर भाकरी खात नाही.

मंगळवारची सूचना मला फार आवडली. गर्दीवरचा इतका साधा उपाय मी तरी कुठल्या पर्यटनाच्या लेखात वाचला नाही. सुट्टी असलेल्या शिक्षकांना आणि पालकांना मे अखेरीस मंगळवार काढता येतो. नोकरदारांना तो जमत नाही हे मान्य. पण ज्यांना जमतो त्यांनी शनिवार सोडला तरी फरक पडेल.

मुलांच्या सूचना आम्ही जुन्या पुठ्ठ्यांवर लिहून तंबूवाल्या पालकांना दिल्या. काहींनी लावल्या. एका पालकांनी 'बादली'वाली लावली नाही, गिऱ्हाईक नाराज होईल म्हणाले. त्यांच्या मुलीने ती स्वतःच न्हाणीच्या दाराला बांधली.

तुमची शाळा किनाऱ्यावर, किल्ल्याच्या पायथ्याला, धबधब्याजवळ असेल तर हा उपक्रम करून बघा. शहरात शिकवत असाल तर उलटा करा. मुलं सुट्टीत जिथं जाऊन आली त्या गावाची माहिती लिहायला द्या, पण तीन गोष्टी विचारा: तिथं कुणाच्या घरी जेवलात, त्यांचं पाणी कुठून येतं, आणि तुम्ही गेलात तेव्हा त्यांच्या शेतात काय चाललं होतं. बऱ्याच मुलांना पहिल्याच प्रश्नाचं उत्तर येणार नाही. ते प्रश्न मुलांनी घरी जाऊन आईबाबांना विचारले तर विचारू द्या.